लॉगिंग-विन्यास, जावा वेब-अनुप्रयोगाचा

जावा या संगणकीय भाषेत लिहिलेला वेब-अनुप्रयोग (वेब ॲप्लिकेशन) चालू असताना त्यात घडणाऱ्या घटनांपैकी कोणत्या घटनांची नोंद व्हावी, ती कोणत्या स्वरूपात लिहिली जावी, कोठे साठविली जावी व किती काळ जतन केली जावी, हे ठरवून देणाऱ्या सूचनांच्या मांडणीस लॉगिंग-विन्यास म्हणतात. ही मांडणी बहुधा मूळ आज्ञावलीबाहेर, स्वतंत्र फाइलीत केलेली असते. त्यामुळे आज्ञावलीत फेरफार न करता व ती पुन्हा कंपाइल न करता नोंदींचे प्रमाण कमी-अधिक करता येते.

लॉग ही संज्ञा मूळची नौकानयनातील होय. जहाजाचा वेग मोजण्यासाठी गाठी मारलेल्या दोरीला लाकडाचा तुकडा बांधून तो पाण्यात सोडीत. त्या मोजमापांच्या वहीस ‘लॉग-बुक’ हे नाव पडले आणि पुढे कोणत्याही कालानुक्रमी नोंदीस लॉग म्हणण्याचा प्रघात पडला. व्यापारी पेढीवरील रोजकीर्दीशी लॉगचे बरेच साम्य आहे. घडेल तसे व घडेल त्या क्रमाने लिहावयाचे, हा दोहोंचा नियम. मात्र रोजकीर्द लिहिणारा मुनीम प्रसंग पाहून एखादी बाब अधिक तपशीलाने लिहू शकतो. संगणकीय लॉगच्या बाबतीत हा विवेक प्रसंग येण्यापूर्वीच, विन्यासाच्या रूपाने करून ठेवावा लागतो.

आवश्यकता : वेब-अनुप्रयोग सर्व्हरवर अहोरात्र चालतो आणि एकाच वेळी अनेक उपयोगकर्त्यांच्या मागण्या निरनिराळ्या थ्रेडांमध्ये पूर्ण करीत असतो. एखाद्या बँकेच्या अनुप्रयोगात मध्यरात्री एका खात्यातून रक्कम वजा झाली, पण दुसऱ्या खात्यात जमा झाली नाही, तर मधल्या काळात काय घडले हे सांगणारा साक्षीदार बहुधा लॉगच असतो. चालू सर्व्हर थांबवून तपासणी करणे सहसा शक्य नसते आणि तीच परिस्थिती हुबेहूब पुन्हा निर्माण करणेही अवघड असते. जी नोंद त्या क्षणी लिहिली गेली नाही, ती मागाहून कोणत्याही उपायाने मिळविता येत नाही. उलटपक्षी, सर्वच घटनांची नोंद करू गेल्यास डिस्क भरते, अनुप्रयोग मंदावतो, महत्त्वाची नोंद क्षुल्लक नोंदींच्या गर्दीत हरवते आणि उपयोगकर्त्यांची खाजगी माहिती नको तेथे लिहिली जाते. या दोन टोकांमधील मर्यादा आखणे, हे विन्यासाचे मुख्य प्रयोजन होय.

इतिहास : सन मायक्रोसिस्टिम्स या अमेरिकन कंपनीने जावा भाषा १९९५ मध्ये प्रसिद्ध केली. आरंभी तीत लॉगिंगची स्वतंत्र सोय नव्हती व मजकूर पडद्यावर छापण्याच्या साध्या आज्ञेवरच काम भागवीत. अशा मजकुरात वेळ, महत्त्व व उगम यांचा निर्देश आपोआप होत नसे आणि तो बंद करावयाचा झाल्यास आज्ञावलीतच बदल करावा लागे. यूरोपीय संघाच्या सेम्पर या प्रकल्पासाठी १९९६ मध्ये लिहिण्यास घेतलेल्या एका संचातून लॉगफोरजे हे साधन विकसित झाले. त्याच्या जडणघडणीत जेकी ग्युल्जू यांचा प्रमुख वाटा होता. पुढे हे साधन अपाची सॉफ्टवेअर फाउंडेशन या संस्थेच्या छत्राखाली आले. २००२ मध्ये जावाच्या १.४ या आवृत्तीत ‘जावा युटिल लॉगिंग’ हा अंगभूत संच समाविष्ट झाला. निरनिराळ्या ग्रंथालयांनी (लायब्ररींनी) निरनिराळे संच वापरल्याने जो गोंधळ होऊ लागला तो टाळण्यासाठी ग्युल्जू यांनी एसएलएफफोरजे हा सामाईक दर्शनी संच व त्याच्यामागे प्रत्यक्ष नोंदी लिहिणारा लॉगबॅक हा संच तयार केला. लॉगफोरजेची संपूर्ण नव्याने लिहिलेली दुसरी शाखा (लॉगफोरजे २) जुलै २०१४ मध्ये २.० या क्रमांकाने प्रसिद्ध झाली आणि पहिल्या शाखेची देखभाल ऑगस्ट २०१५ मध्ये अधिकृतपणे थांबविण्यात आली.

घटक : विन्यासात मुख्यतः तीन घटकांची व्यवस्था लावावी लागते. (१) लॉगर : आज्ञावलीतील ज्या भागातून संदेश निघतो त्या भागाचे प्रतिनिधित्व करणारा घटक. त्यास बहुधा संबंधित वर्गाचे (क्लासचे) पूर्ण नाव दिलेले असते. (२) अपेंडर : संदेश प्रत्यक्ष इष्ट स्थळी पोहोचविणारा घटक. हे स्थळ म्हणजे पडदा, फाइल, विदागार (डेटाबेस) किंवा जालावरील दुसरा संगणक यांपैकी कोणतेही असू शकते. जावाच्या अंगभूत संचात यास हँडलर म्हणतात. (३) लेआउट : नोंदीच्या ओळीची रचना ठरविणारा घटक. तीत दिनांक व वेळ, पातळी, थ्रेडचे नाव, लॉगरचे नाव आणि संदेश या बाबी कोणत्या क्रमाने याव्यात हे टक्क्याच्या चिन्हाने आरंभ होणाऱ्या सांकेतिक अक्षरांनी सांगतात. यांशिवाय विशिष्ट नोंदी गाळून टाकणाऱ्या फिल्टरांचीही योजना करता येते.

पातळ्या : प्रत्येक संदेशास त्याच्या गांभीर्यानुसार एक पातळी दिलेली असते. एसएलएफफोरजे व लॉगबॅक यांत चढत्या गांभीर्याने ट्रेस, डीबग, इन्फो, वॉर्न व एरर अशा पाच पातळ्या आहेत. लॉगफोरजेमध्ये यांच्यावर फेटल ही आणखी एक आहे. जावाच्या अंगभूत संचात फाइनेस्ट, फाइनर, फाइन, कॉन्फिग, इन्फो, वॉर्निंग व सिव्हियर अशा सात पातळ्या आहेत. विन्यासात लॉगरसाठी जी पातळी नेमलेली असते, तिच्याइतके किंवा तिच्याहून अधिक गंभीर संदेशच पुढे जातात. उदा., इन्फो ही पातळी नेमल्यास इन्फो, वॉर्न व एरर या पातळ्यांचे संदेश लिहिले जातात, तर डीबग व ट्रेस यांचे संदेश गाळले जातात.

पातळ्यांचा अर्थ अनुप्रयोग लिहिणाऱ्यांनी एकमताने ठरविणे आवश्यक असते. उपयोगकर्त्याने चुकीचा परवलीचा शब्द टाकला, ही अनुप्रयोगाच्या दृष्टीने नेहमीचीच घटना होय. तिला एररची पातळी दिल्यास विदागाराशी संपर्क तुटल्याची खरी एरर तिच्या गर्दीत दिसेनाशी होते.

वारसा : लॉगरांची नावे टिंबांनी विभागलेली असतात आणि त्यांवरून त्यांचा वंशवृक्ष तयार होतो. उदा., ‘बँक.कर्ज.हप्ता’ या लॉगरचा जनक ‘बँक.कर्ज’, त्याचा जनक ‘बँक’ आणि सर्वांचा मूळपुरुष म्हणजे ‘रूट’ लॉगर होय. एखाद्या लॉगरसाठी पातळी नेमलेली नसल्यास ती जवळच्या पूर्वजाकडून वारशाने मिळते. यामुळे रूट लॉगरास वॉर्न, ‘बँक’ या लॉगरास इन्फो आणि ज्या भागाविषयी शंका आहे अशा ‘बँक.कर्ज.हप्ता’ या एकाच लॉगरास तात्पुरती डीबग, अशा तीनच सूचनांनी शेकडो वर्गांची व्यवस्था लावता येते.

अपेंडरांचाही वारसा असतो, पण त्याचा नियम वेगळा आहे. लॉगरने एकदा स्वीकारलेला संदेश त्याच्या स्वतःच्या व सर्व पूर्वजांच्या अपेंडरांकडे जातो आणि वाटेत पूर्वजांची पातळी पुन्हा तपासली जात नाही. म्हणून एकच अपेंडर रूटला व ‘बँक’ला असा दोन्हीकडे जोडल्यास प्रत्येक नोंद दोनदा लिहिली जाते. हा दोष टाळण्यासाठी अपेंडर फक्त रूटला जोडतात किंवा संबंधित लॉगरवर ‘ॲडिटिव्हिटी’ हा गुणधर्म बंद करतात. जावाच्या अंगभूत संचात हँडलरलाही स्वतःची पातळी असते व पडद्यावर लिहिणाऱ्या हँडलरची मूळ पातळी इन्फो असते. त्यामुळे लॉगरची पातळी फाइन केली, पण हँडलरची बदलली नाही, तर एकही जादा नोंद दिसत नाही.

विन्यास-फाइलीचे स्थान : वेब-अनुप्रयोग ‘वॉर’ नावाच्या गठ्ठ्यात बांधून टॉमकॅट, जेटी यांसारख्या सर्व्हरवर चढवितात. या गठ्ठ्यातील वेब-इन्फ निर्देशिकेच्या क्लासेस या उपनिर्देशिकेत विन्यास-फाइल ठेवल्यास लॉगिंगचा संच ती स्वतः शोधून काढतो. लॉगबॅक प्रथम ‘लॉगबॅक-टेस्ट डॉट एक्सएमएल’ ही चाचणीसाठी असलेली फाइल पाहतो व ती नसल्यास ‘लॉगबॅक डॉट एक्सएमएल’ ही फाइल घेतो. चाचणीची फाइल नजरचुकीने गठ्ठ्यात राहिल्यास प्रत्यक्ष वापरातही तीच लागू होते. लॉगफोरजे २ मध्येही चाचणीच्या फाइलीस असेच प्राधान्य असते.

फाइल मुळीच न सापडल्यास प्रत्येक संचाचे वर्तन निराळे असते. लॉगबॅक डीबग व तिच्यावरील सर्व संदेश पडद्यावर लिहितो. लॉगफोरजे २ केवळ एरर व तिच्याहून गंभीर संदेश लिहितो. तर एसएलएफफोरजेच्या मागे कोणताही लेखक-संच जोडलेला नसेल, तर आरंभी एक इशारा देऊन पुढील सर्व संदेश निमूटपणे टाकून दिले जातात. विन्यास विसरल्याचा परिणाम एका ठिकाणी नोंदींचा पूर, तर दुसऱ्या ठिकाणी संपूर्ण शांतता, असा होतो. म्हणून अनुप्रयोग सुरू होताच कोणती विन्यास-फाइल वाचली गेली हे पडताळून पाहणे, ही विन्यासाची पहिली कसोटी समजतात. चाचणी, सराव व प्रत्यक्ष वापर यांसाठी निरनिराळे विन्यास हवे असल्यास फाइल गठ्ठ्याबाहेर ठेवून तिचा पत्ता जावा सुरू करतानाच्या आज्ञेत देतात. फाइलीतील बदल ठराविक अंतराने आपोआप वाचण्याची सोय लॉगबॅक व लॉगफोरजे २ या दोहोंत आहे. तिच्यामुळे सर्व्हर न थांबविता पातळी बदलता येते.

सर्व्हरमुळे उद्‌भवणारे प्रश्न : एका सर्व्हरवर अनेक अनुप्रयोग नांदतात आणि प्रत्येकास स्वतंत्र क्लासलोडर दिलेला असतो. जावाच्या अंगभूत संचात मात्र मुळात एका जावा यंत्रासाठी एकच विन्यास असतो. टॉमकॅटने यावर उपाय म्हणून ‘जूली’ हे स्वतःचे रूप वापरले असून त्यामुळे प्रत्येक अनुप्रयोगास आपापली ‘लॉगिंग डॉट प्रॉपर्टीज’ ही फाइल बाळगता येते. दोन अनुप्रयोगांनी एकाच फाइलीत लिहू नये. एकाने ती फाइल बंद करून नवी उघडली, तरी दुसरा जुन्याच फाइलीत लिहीत राहतो व नोंदी गहाळ होतात. नोंदींची फाइल अनुप्रयोगाच्या निर्देशिकेतही ठेवू नये. नवा गठ्ठा चढविताना ती नाहीशी होण्याचा व प्रसंगी बाहेरच्या उपयोगकर्त्यास वाचता येण्याचा संभव असतो. फाइलीचा पत्ता पूर्ण द्यावा आणि ज्या खात्याने सर्व्हर चालतो त्यास तेथे लिहिण्याची परवानगी असावी.

अनुप्रयोगात समाविष्ट केलेल्या ग्रंथालयांपैकी काही लॉगफोरजे, काही अपाची कॉमन्स लॉगिंग, तर काही जावाचा अंगभूत संच वापरतात. या सर्वांचे संदेश एका विन्यासाखाली आणण्यासाठी सेतू-संच (ब्रिज) वापरतात. असे सेतू परस्परविरुद्ध दिशांनी बांधले गेल्यास, म्हणजे लॉगफोरजेकडून एसएलएफफोरजेकडे नेणारा व एसएलएफफोरजेकडून लॉगफोरजेकडे नेणारा असे दोन्ही उपस्थित असल्यास, संदेश अखंड फिरत राहतो व अनुप्रयोग कोसळतो.

अनेक उपयोगकर्त्यांच्या नोंदी एकाच फाइलीत मिसळत असल्याने कोणती ओळ कोणाच्या मागणीची, हे ओळखण्यासाठी ‘एमडीसी’ ही सोय आहे. मागणी आत येताच तिचा क्रमांक वा उपयोगकर्त्याची खूण थ्रेडशी बांधून ठेवतात व लेआउटमधील सांकेतिक अक्षराने ती प्रत्येक ओळीत उमटते. परंतु सर्व्हर तेच थ्रेड पुनःपुन्हा वापरतो. मागणी संपताच ही खूण पुसली नाही, तर पुढील उपयोगकर्त्याच्या कृतीवर आधीच्याचे नाव लागण्याचा संभव असतो. चौकशीच्या वेळी असा लॉग निरुपयोगीच नव्हे, तर दिशाभूल करणारा ठरतो. म्हणून मागणी यशस्वी होवो वा न होवो, खूण पुसण्याची आज्ञा अखेरीस अमलात येईलच अशी रचना करतात.

आवर्तन व जतन : नोंदींची फाइल अमर्याद वाढू नये म्हणून ती ठराविक काळाने वा आकाराने बंद करून नवी उघडतात, यास आवर्तन म्हणता येईल. दररोज नवी फाइल, एका फाइलीस १०० मेगाबाइटची मर्यादा, ३० दिवसांचे जतन आणि सर्व फाइलींना मिळून ५ गिगाबाइटची कमाल, असा विन्यास उदाहरणादाखल देता येईल. यांतील शेवटची मर्यादा विशेष महत्त्वाची असते. दिवसांची मर्यादा असली, तरी एखाद्या बिघाडात एकाच दिवसात डिस्क भरू शकते. युनिक्स-सदृश प्रणालीवर टॉमकॅटची ‘कॅटलिना डॉट आउट’ ही फाइल टॉमकॅट स्वतः आवर्तित करीत नाही. अनुप्रयोगाने पडद्यावर लिहिलेला मजकूर तीत साठत जातो. अशी उघडी फाइल नुसती पुसल्याने डिस्कवरील जागाही मोकळी होत नाही, कारण चालू सर्व्हरने ती धरून ठेवलेली असते.

फाइलीची अक्षर-संकेतन पद्धती विन्यासात स्पष्टपणे यूटीएफ-८ अशी द्यावी. जावाच्या १८ व्या आवृत्तीपर्यंत (२०२२) मूळ पद्धती संगणकाच्या प्रणालीवर अवलंबून असे आणि ती देवनागरीस अनुकूल नसल्यास खातेदारांची मराठी नावे नोंदीत प्रश्नचिन्हांच्या रूपाने उमटत व मूळ अक्षरे कायमची नष्ट होत. वेळेबरोबर कालविभागाचाही निर्देश असावा; निरनिराळ्या देशांतील सर्व्हरांच्या नोंदी जुळविताना त्यावाचून घटनांचा क्रम लागत नाही.

कार्यक्षमता : प्रत्येक नोंद लिहून होईपर्यंत मागणी थांबून राहू नये म्हणून असमकालिक अपेंडर वापरतात. तो नोंदी स्मृतीतील रांगेत ठेवून वेगळ्या थ्रेडाने लिहितो. लॉगबॅकमध्ये या रांगेत मुळात २५६ नोंदी मावतात आणि ती ८० टक्के भरल्यावर ट्रेस, डीबग व इन्फो या पातळ्यांच्या नोंदी टाकून देण्यात येतात. वेग मिळतो, पण धावपळीच्या क्षणी काही नोंदी गमवाव्या लागतात. आर्थिक व्यवहारांच्या नोंदींसाठी म्हणूनच ही सोय जपून वापरतात. संदेश ज्या ओळीतून निघाला तिचा क्रमांक लेआउटमध्ये मागविणे, हेही खर्चिक असते.

सुरक्षितता : लॉग पुष्कळदा मूळ विदागारापेक्षा कमी बंदोबस्तात ठेवलेला असतो, त्यामुळे त्यात काय लिहिले जाऊ नये, हे ठरविणे तितकेच महत्त्वाचे ठरते. ट्विटर या कंपनीने मे २०१८ मध्ये जाहीर केले, की उपयोगकर्त्यांचे परवलीचे शब्द गुप्तलिपीत रूपांतरित होण्यापूर्वीच एका अंतर्गत लॉगमध्ये उघड स्वरूपात लिहिले जात होते. कंपनीने आपल्या सर्व उपयोगकर्त्यांना ते बदलण्याचा विचार करण्यास सुचविले. विदागाराशी संवाद साधणाऱ्या हायबरनेटसारख्या संचाची पातळी ट्रेसपर्यंत उतरविल्यास प्रत्येक प्रश्नातील प्रत्यक्ष मूल्ये, म्हणजे नावे, दूरध्वनी क्रमांक व रकमा, लॉगमध्ये येऊ शकतात. तपासासाठी उतरविलेली पातळी काम संपताच पूर्ववत करणे त्यामुळे अगत्याचे असते. उपयोगकर्त्याने पाठविलेल्या मजकुरात नव्या ओळीचे चिन्ह असल्यास त्याद्वारे खोटी नोंदही घुसविता येते; लेआउटमध्ये अशी चिन्हे निष्प्रभ करण्याची तरतूद करतात.

डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे २ मधील ‘लॉगफोरशेल’ हा दोष उघडकीस आला. संदेशात डॉलरचे चिन्ह व महिरपी कंस यांनी वेढलेला विशिष्ट मजकूर आल्यास हा संच तो केवळ लिहून न थांबता त्याचा अर्थ लावीत असे आणि त्यात दिलेल्या पत्त्यावरील दूरच्या सर्व्हरशी संपर्क साधून तेथील आज्ञावली अमलात आणू शके. ब्राउझरने पाठविलेले आपले नाव लॉगमध्ये लिहिले जात असेल, तर तेवढ्या वाटेनेही परक्यास सर्व्हरचा ताबा घेता येई. गांभीर्याच्या प्रचलित मापनात त्यास १० पैकी १० गुण देण्यात आले. पहिली दुरुस्ती २.१५.० या आवृत्तीत झाली. परंतु लेआउटमध्ये विशिष्ट प्रकारची रचना केलेली असल्यास ती अपुरी पडत असल्याचे आढळले व त्याच महिन्यात २.१६.०, २.१७.० आणि २.१७.१ या आवृत्त्या काढाव्या लागल्या. एकच संच असूनही दोन अनुप्रयोगांचा धोका त्यांच्या विन्यासानुसार वेगळा ठरला. आपल्या अनुप्रयोगात कोणता लॉगिंग-संच, कोणत्या आवृत्तीचा व कोणाच्या मार्फत आला आहे, याची यादी ठेवण्याची गरज या घटनेने ठळक केली.

आधुनिक प्रवाह : स्प्रिंग बूट या प्रचलित चौकटीत लॉगबॅक मुळातच जोडलेला असतो. इन्फो व तिच्यावरील नोंदी तो पडद्यावर लिहितो; फाइल हवी असल्यास तशी सूचना द्यावी लागते. कंटेनरांमध्ये चालणारे अनुप्रयोग फाइली न ठेवता नोंदी पडद्याच्या प्रवाहात सोडतात आणि त्या गोळा करून साठविण्याचे काम बाहेरची व्यवस्था करते. अशा वेळी प्रत्येक नोंद जेसन या रचनाबद्ध स्वरूपात लिहिल्यास तिचा शोध घेणे सुलभ होते. आवर्तन व जतन यांची जबाबदारी त्यामुळे अनुप्रयोगाकडून संग्राहक-व्यवस्थेकडे जाते. पातळ्या, रचना व गोपनीयता यांची मात्र अनुप्रयोगाच्या विन्यासाकडेच राहते.

भारतात जतनाच्या कालावधीस कायदेशीर बाजूही आहे. भारतीय संगणक आपत्कालीन प्रतिसाद पथकाने (सर्ट-इनने) २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार सेवा पुरविणाऱ्या संस्था, मध्यस्थ, विदा-केंद्रे, कंपन्या व शासकीय संघटना यांनी आपल्या संगणकीय प्रणालींचे लॉग मागील १८० दिवसांपर्यंत सुरक्षितपणे जतन करावयाचे असून प्रणालींची घड्याळे प्रमाणवेळेशी जुळती ठेवावयाची आहेत. या निर्देशांच्या कक्षेत येणाऱ्या संस्थेस वर उदाहरणादाखल दिलेली ३० दिवसांची मर्यादा पुरेशी नाही. आवर्तित फाइली पुसल्या जाण्यापूर्वी त्या अन्यत्र संग्रहित करण्याची तरतूद तीस करावी लागते.